मलकामावशींचा सूर्यास्त

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या मलकामावशी फोन घेऊन घाईघाईने दारात आल्या.

"बघ रे, सूर्य समोरच्या टाकीमागे चालला आणि हा म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे!"

मावशी ठाण्यातल्या बेने इस्रायली ज्यू. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे त्यांना सूर्यास्ताआधी लावायचे असतात, आणि एकदा ते लावले की फोनला हात लावायचा नाही. इस्रायलला राहणाऱ्या मुलाने फोनच्या कॅलेंडरात हिब्रू तारखा आणि सगळे सण घालून दिले होते. गाव मात्र स्वतःचं, जेरुसलेमच ठेवलं होतं.

मी गाव बदलू लागलो. आपली तिथी सूर्योदयाची, यांची तारीख सूर्यास्ताला बदलणारी. म्हणजे मधली रात्रभर एकाच भिंतीच्या अलीकडे मी आजच्याच दिवसात झोपतो आणि पलीकडे मावशी उद्याच्या! तरी सकाळी दूधवाला दोघांकडे एकदमच येतो.

मावशींचा एक डोळा टाकीवर होता. "लवकर रे, तो थांबायचा नाही!"

ठाणे निवडताच फोनमधला दिवे लावायच्या वेळेचा गजर खणखणला. मावशी निघाल्या.

"जेरुसलेम काढून टाकू?" मी विचारलं.

"नको. तेही वाजू दे. सून वेळेवर दिवे लावते का, कळायला हवं."

"पण शब्बाथला फोन कसा कराल?"

"फोन कशाला? ते वाजलं की मी तिकडे तोंड करून नुसती बसेन. तिला बरोबर जाणवतं."