मोस्ट वेलकम

भाड्याचं घर बघायला आम्ही दोघं गेलो होतो. मालकीणबाईंनी हसून दार उघडलं. "वेलकम, वेलकम! फील ॲट होम!"

मी उगीचच सावध झाले. आपुलकी दाखवायला कुणी इंग्रजीत शिरलं की माझं मन जरा मागे सरकतं. ते शब्द शोकेसमधल्या कपबशांसारखे वाटतात. दिसायला चकचकीत, पण घरातलं कुणी त्यांतून चहा पीत नाही.

घर मात्र छान होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुललेला बहावा दिसत होता. मी मनातल्या मनात तिथं डबेसुद्धा लावून टाकले.

"आम्ही अगदी ओपन माइंडेड आहोत हं," बाई म्हणाल्या. मग त्याच गोड आवाजात, पण मराठीत, त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

सुनीलनं, माझ्या नवऱ्यानं, आडनाव सांगितलं. बाईंचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं.

"नो इश्यूज! यू आर मोस्ट वेलकम. ह्यांना विचारून कळवते."

मीच फार संशयी आहे का? मराठीत गोड बोलून टाळणारेही कमी नसतात. जिना उतरताना मी स्वतःला हेच समजावत होते.

"बोलायला चांगल्या वाटल्या, नाही?" सुनील म्हणाला.

"हो. इतकं बोलल्या, पण एकदाही 'बसा' म्हणाल्या नाहीत."

तो पायरीवरच थांबला. "खरंच की गं. सबंध वेळ आपण उभेच होतो."