आईचं ऐकून होईपर्यंत

शेजारच्या गुजराती काकींची बेल मी दाबली. वाजली नाही, म्हणून दार ठोकलं आणि त्या बाहेर येताच म्हटलं, "काकी, रेडिओ जरा हळू करा ना. आमच्या घरात येतोय आवाज."

काकी पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. त्यांनी आधी बेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे भाई, सकाळपासून लाइट गेलीय. रेडिओ काय मी फुंकून वाजवू?"

बोरीवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीचे पंखे बंद, मी स्वतः घामाने निथळतोय आणि एवढंही डोक्यात येऊ नये! हसत हसत परत फिरलो खरा, पण आमच्या दारात पाऊल टाकलं आणि हसू विरलं. लाइट नव्हती, आणि आवाज होता.

डासासारखा बारीक. पण डास मध्येच थांबून श्वास घेत नाही. हा घेत होता. भिंतीत कोंडलेलं कुणीतरी चिकाटीने काहीतरी सांगत असावं, तसा. मी मोरीच्या जाळीला कान लावला. तिथे काही नाही. लोखंडी कपाट उघडलं, तर आईच्या साड्यांचा वास अंगावर आला. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. कपाट मी घाईने लावून टाकलं.

बायको स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. "काय शोधताय?"

"तुला काही ऐकू येतंय?"

तिचा हात सुपातच थांबला. "येतंय. कालही येत होतं दुपारी. मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

तेवढ्यात त्या कुजबुजीतून एक शब्द सुटा होऊन आला.

"आये."

आईला 'आये' म्हणणारा एकच, गावी आजोळी वाढलेला माझा धाकटा भाऊ. आणि तो तर आखातात नोकरीला होता.

आईला वाचता येत नसे, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. ऐकायला वॉकमनही त्यानेच पाठवलेला. आई हेडफोन लावून बसली की त्याच्या प्रश्नांना ओरडून उत्तरं द्यायची. अख्ख्या मजल्याला आमच्या घरची ख्यालीखुशाली कळायची. आणि लेकाच्या बोलण्याबाबत तिचा नियम होता, "माज्या झिलाचा बोलणा आदी मी आयकतलंय, मगे तुमी." बाबांनाही त्यात सूट नसे.

त्याची शेवटची कॅसेट गावच्या एका माणसाने आणून दिली, ती आई गेल्यानंतर. भाऊ बोलला होता आई जिवंत असताना, हसतखेळत. आणि बाबा तर ती गेल्यापासून ना रडले होते, ना धड बोलले होते. हे ऐकून ते पार कोसळतील या भीतीने मी ती कॅसेट माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात दडवली. यंदा घरात गणपती बसणार नव्हता, खोकं उघडतंय कोण! स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. आईच्या फोटोपुढच्या दिव्याच्या वाती बाबा रोज वळतात आणि वातींचा कापूस त्याच खोक्यात असतो, एवढंच तेवढं सुचलं नाही.

मी आतल्या खोलीचा पडदा सारला.

भिंतीवर आईचा फोटो. फोटोच्या चौकटीवर हेडफोन बसवलेला, नारिंगी स्पंज बरोबर तिच्या दोन्ही कानांवर. वायर हारामागून खाली आली होती, आणि खाली बाबा मांडीवर वॉकमन घेऊन बसले होते. आवाज शेवटपर्यंत मोठा केलेला. आईला कमी ऐकू यायचं ना.

"आये, तुजो पाय कसो असा?" स्पंजांतून भाऊ विचारत होता. मग त्याचा आवाज जड झाला, लांबत गेला, खोल विहिरीतून यावा तसा घोगरा झाला. फोटोतली आई ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना.

बाबा दचकून वळले. "त्याचो आवाज असो कित्याक झालो? त्याका काय झाला नाय मां?"

"नाही, बाबा. सेल उतरलेत."

त्यांनी वॉकमन बंद केला आणि हार हलू न देता हेडफोन अलगद काढला.

"तुम्ही ऐकलंत, काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"मी कसो आयकतलंय?" ते माझ्यावरच चिडले. "आदी तिचा आयकान होवंदे."

मी स्वयंपाकघरात आलो आणि चपला शोधू लागलो. बायकोने सगळं ऐकलं होतं. "दोन सेल घेऊन येतो," मी म्हटलं.

"चार आणा," ती म्हणाली. "आईंचं झालं की बाबा ऐकतील. आणि तेव्हा आपण दोघं काकींकडे जाऊन बसू. बाबांना घर मोकळं लागेल."