प्रमाण किलोला कुंकू

परवा इंदूरच्या कृष्णपुऱ्यावर झेंडूच्या ढिगांचा वास आला आणि आमच्या वजनमाप कार्यालयातली पहिली खंडेनवमी आठवली. शेर जाऊन किलो नुकताच आला होता. घरातला पहिला पदवीधर असलेल्या मला तिथे नोकरी लागली होती, पण अजून कायम झाली नव्हती. नेमके त्याच दिवशी दिल्लीहून राष्ट्रीय मापनसंस्थेचे संचालक पाहणीला आले.

मुलाचं ऑफिस बघायला आईही आली होती, पूजेचं ताट घेऊन. तराजूंना फुलं वाहून ती मखमली पेटीतल्या प्रमाण किलोकडे वळली. शहरातली सगळी वजनं त्याच्यावरून तपासायची, म्हणून आम्हीसुद्धा त्याला बोट लावत नसू. आईचं ओल्या कुंकवाचं बोट पुढे गेलं. गेली नोकरी, असं वाटलं.

"माँजी, रुकिए," संचालक हसून म्हणाले. "इसे टीका लगा, तो पूरे इंदौर का किलो भारी हो जाएगा."

"मग चांगलंच की साहेब! गिऱ्हाइकाला जास्ती मिळेल."

"और बेचनेवाले का क्या?"

आई थबकली. "हो जी, त्याच्याही घरी लेकरं असतील."

साहेबांनी वाकून आपलं कपाळ पुढे केलं. "टीका हमें लगाइए. तौलना तो हमें है."

आईने आधी त्यांना कुंकू लावलं, मग मला. तेव्हा नोकरी वाचली एवढाच आनंद होता. पुढे एका ओळखीच्या व्यापाऱ्याने हलक्या वजनावर शिक्का मारायची गळ घातली, तेव्हा आईचं ते ओलं बोट कपाळावर जाणवलं आणि मी नाही म्हणालो.