वांग्याचा वानोळा आणि अकराची मीटिंग

माझ्या घरच्यांच्या मते मी नोकरी करत नाही, मी घरी असतो.

नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत आहे, पगारही वेळेवर होतो. पण मी लोणारला घरी बसून काम करतो, आणि आमच्याकडे बसलेल्या माणसाला कामात आहे असं कोणी म्हणत नाही. त्यात आमच्या घरात मोबाईलची रेंज येते फक्त परसात, वांग्याच्या वाफ्याशेजारी. म्हणून माझं ऑफिस तिथंच! एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर हिवाळ्याचं कोवळं ऊन आणि पायाशी मेथी. मी लॅपटॉप उघडून बसलो की घरच्यांना मेथीपाशी बसलेला एक रिकामा माणूस दिसतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती निघताना दारातून सांगते, "तुम्ही तं घरीच हा न, पोरीले शाळेतून आणजा. अन् वालावर मावा पडला, थोडी राख मारजा." (वालावरच्या किडीवर राख मारणे हे माझ्या नेमणूकपत्रात कुठेही नाही. मी दोनदा तपासलं.)

गेल्या डिसेंबरात कंपनीतल्या आमच्या मॅडमचा निरोप आला. गुरुवारी अकरा वाजता आढावा. घरून काम नीट होतंय असं दिसलं तर चालू ठेवू, नाहीतर एक तारखेपासून पुण्याला या. पुण्याशी माझं भांडण नाही, पण भाड्याच्या खोलीत एकटं राहायचं, मेसचा डबा खायचा आणि पोरगी मोबाईलच्या काचेत बघायची, हे मला नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

आणि नेमकी त्याच गुरुवारी आमची वांगी पहिल्यांदा तोडायला आली! पहिली तोडणी आधी देवापुढे ठेवायची, मग पाच घरी वानोळा म्हणून द्यायची, त्याशिवाय घरात एकही वांगं चुलीवर चढत नाही. शिवाय तो वानोळा घरच्याच माणसानं हातोहात नेऊन द्यायचा असतो.

"आई, अकराले मीटिंग हाय माही!"

"मंग अकराले ये न परत. आता तं दहाच वाजले."

"अण्णाईले पाठव न."

"त्याईचे गुडघे दुखतात. अन् तू काय करून राह्यला? बसूनच तं हायस!"

मी खरोखरच बसलो होतो, म्हणून उठलो. मी मनात वेळ मांडली. पाच घरं, प्रत्येक घरी पाच मिनिटं, म्हणजे साडेदहाच्या आत परत. लॅपटॉपवर मीटिंग आधीच उघडून ठेवली (वक्तशीर माणसाचं नाव यादीत सगळ्यात वर दिसतं), ऊन लागू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहाऱ्यावर बसवलं. अण्णा निवृत्त ग्रामसेवक. पहारा ते मन लावून देतात.

"शेजारची बकरी आली तं हाकला फक्त. त्याले हात लावू नका."

"मी काऊन हात लावू बे?"

माझ्या वेळापत्रकात एकच गोष्ट राहिली होती. वानोळ्याची पिशवी कोणीही रिकामी परत देत नाही! पहिल्या घरी सुमनकाकूंनी चहा पाजला आणि बोरं घातली. दुसऱ्या घरी चहा आणि ओला हरभरा. तिसरं घर आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींचं. तिथे चहा उकळत असतानाच अकरा वाजले. मी घाईघाईनं मोबाईलवरून मीटिंगमध्ये शिरलो, कॅमेरा बंद ठेवला आणि वायर कानात घातली.

"कुठे आहात तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"टेबलावरच आहे, मॅडम."

"बस न बे, उभा काऊन? बशीत ओतू का कपात?" गुरुजी गरजले.

"हे कोण बोललं?"

"सहकारी, मॅडम."

"घरी सहकारी?"

मी आवाज बंद केला, मोबाईल खिशात टाकला, चहा ढोसला आणि चौथ्या घरी पळालो. चौथ्या घरानं भोपळा दिला. पाचव्यानं ताकाचा तांब्या. दोन्ही हात भरले आणि तेवढ्यात कानात ओळखीचा आवाज आला.

"हाड! हाड! टावेल घेऊन चालली पाहा!"

बकरीनं टॉवेल ओढला होता, आणि आता कॅमेऱ्यासमोर अण्णा होते.

"नमस्कार. आपण कोण?" मॅडम म्हणाल्या.

"मी त्याचा बाप. तुमी कोण जी?"

"मी त्याची मॅडम. तो कुठे आहे?"

"तो नाही न घरी. वांग्याचा वानोळा द्याले गेला."

"पण तो तर म्हणाला, टेबलावर आहे."

"टेबल तं हे काय, माह्यासमोरच हाय. तो नाही!"

मी ओरडलो, "अण्णा!" पण आवाज बंद होता, आणि तो सुरू करायला हात नव्हते. मी पळत सुटलो. गल्ली ऐकत होती आणि मी अण्णांना ऐकत होतो.

"दिवसभर काय करतो तुमचा मुलगा?"

अण्णांनी घसा खाकरला. उभ्या नोकरीत त्यांनी वर खोटा अहवाल पाठवला नव्हता.

"सातले उठते. आठले वांग्याले पाणी देते. दहाले हे यंत्र उघडते. बाराले पोरीले आणते, जेवते. मंग एक ते सहा मान वर करत नाही. हाक मारली तं ओ देत नाही. काम लय करते, मॅडम. पण काय करते, ते मले काही समजत नाही."

मी परसात पोचलो तेव्हा अर्धं ताक सदऱ्यावर होतं. "मॅडम, मी—"

"तुम्ही थांबा जरा," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही बोला."

काका अर्धा तास बोलले. शेवटी मॅडमनी निकाल दिला, "इतका स्वच्छ अहवाल मला आजवर या टीममधून कोणी दिलेला नाही. घरून काम चालू राहील. फक्त दर सोमवारचा आढावा यापुढे काका देतील."

तेव्हापासून दर सोमवारी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या खुर्चीत बसतात. मी वांग्याला पाणी द्यायची नळी घेऊन बाजूला उभा राहतो. जरा खोकलो तरी आई खिडकीतून दटावते, "हळू! त्याईची मीटिंग चालू हाय!"

मार्चमध्ये कंपनीचे वार्षिक शेरे आले. अण्णांना 'उत्कृष्ट', वांग्यांना 'समाधानकारक' आणि मला 'सुधारणेस वाव'.