आबांच्या खाचरातला खो-खो

कामशेतच्या आमच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे मुलांनी क्रिकेट खेळायचं आणि मुलींनी खिचडीचे तांदूळ निवडायचे, असंच कितीतरी वर्षं चाललं होतं. त्यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही. व्हरांड्यात परातीभोवती बसून गप्पा मारायला मिळायच्या. उन्हात धावण्यापेक्षा ते बरंच.

मी आठवीत गेले तेव्हा खेळाला नव्या बाई आल्या. पुण्याहून लोकलने यायच्या. पायात बूट, गळ्यात शिट्टी. पहिल्याच तासाला त्यांनी आमच्यातली परात उचलली आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींपुढे नेऊन ठेवली.

"मग तांदूळ कोन निवडनार?" मावशींनी विचारलं.

"सकाळी शाळा भरायच्या आधी सगळे मिळून निवडू. मुलंसुद्धा. मीही बसते," बाई म्हणाल्या. आणि खरंच बसल्या.

आता खेळायचं कुठे, हा प्रश्न आला. शाळेचं मैदान एवढंसं, तेही मुलांनी अडवलेलं. शाळेमागे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर होतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. बाई थेट त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भात निघालं की घ्या. औंदा वाल न्हाई पेरत. पोरी खेळूद्यात."

कापणी झाल्यावर आम्ही धसकटं उपटली, ढेकळं फोडली, कुणाच्या तरी घरून धुम्मस आणून जमीन चोपली. दोन खांब रोवले. चुन्याने रेघा आखल्या. तळपायाला राहिलेली धसकटं टोचायची, पण आठवडाभरात पाय निबर झाले. पाठीवर थाप बसून "खो" ऐकू आलं की मी मागचंपुढचं विसरून सुटायचे. आमच्या बौद्धवाडीतल्या घरात मी मोठी. पाणी, भांडी, धाकटा भाऊ, सगळं माझ्याकडे. त्या चौकटीत मात्र मला कुणी हाक मारत नव्हतं.

आई गुलाबाच्या पॉलिहाऊसवर कामाला जायची. संध्याकाळी परतताना खाचराच्या बांधावर थांबून ती मला घरी न्यायची. एकदा एक मुलगी तापाने आली नव्हती. ओळीत एक जागा रिकामी होती. बाईंनी बांधाकडे पाहिलं.

"ताई, एक मुलगी कमी पडतेय. जरा बसता का?"

"म्या? आवो, मला काय येतंय त्यातलं?"

"पाठीवर थाप पडली की उठायचं आणि पळणारीला धरायचं. बस्स."

आईने डबा बांधावर ठेवला, पदर खोचला आणि येऊन बसली. पळणारी मी होते. आईला खो मिळाला, ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि मी मागे फिरल्याबरोबर तीही गर्रकन मागे वळली. शिट्टी वाजली.

"मागे वळायचं नाही, ताई. नियम आहे."

"आसा कसा नियम? ती माझ्या डोळ्यादेखत मागं पळाली, म्या काय बघत बसू?"

सगळ्या पोरी हसत सुटल्या. आईही हसली. पण दुसऱ्यांदा खो मिळाला तेव्हा ती अशी सुटली की खांबाशी पोचायच्या आत तिचा हात माझ्या पाठीवर होता.

घरी जाताना रस्त्यात ती म्हणाली, "साळंत व्हते तवा धावन्यात पयली यायचे म्या. सातवीला साळा सुटली, मंग ऱ्हायलंच." आईला कधी शाळा होती, हेच मला तोवर सुचलं नव्हतं.

तालुक्याच्या स्पर्धा लोणावळ्याला ठरल्या. हाफ पँट घालावी लागणार होती. वडील जेवत होते. ऐकून ताटावरून हात मागे घेतला.

"वाडीतली मानसं काय म्हनतील?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "जत्रंच्या आखाड्यात तुमी लंगोटावर उतरायचा, तवा कोन काय म्हनलं व्हतं?"

वडिलांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. स्पर्धेच्या सकाळी त्यांनीच मला मोटरसायकलवरून स्टेशनला सोडलं. "जोर धरून पळ," एवढंच म्हणाले.

लोणावळ्याच्या मैदानावर शहरातल्या शाळांच्या मुली बूट घालून आल्या होत्या. आम्ही अनवाणी. पहिला सामना आम्ही जिंकलो; कसा, ते आम्हालाच कळलं नाही. दुसऱ्यात हरलो. अर्धी रजा टाकून आलेली आई दोरीपलीकडे उभी राहून ओरडत होती, "मागं वळू नगंस! फाऊल दील त्यो!" पंचांनी दोनदा तिच्याकडे बघितलं. हरल्यावर मी रडले. आईने मला चिक्की घेऊन दिली आणि परत येताना गाडीत आमचं काय चुकलं ते बाईंना समजावत बसली.

आता त्या खाचरावर बंगला आहे, पोहायच्या तलावासकट. बाईंची बदली आम्ही दहावीत असताना झाली. मी लोणावळ्यात नर्स आहे. माझी मुलगी हिरव्या टर्फवर, रीतसर फी भरून फुटबॉल शिकते. छान शिकते. तरी चोपलेल्या ओल्या मातीचा वास कुठून आला की माझं मन त्या खांबांकडे जातं.

स्पर्धेनंतरच्या उन्हाळ्यात, जयंतीच्या दिवशी, आईने वाडीतल्या बायका जमवल्या. सकाळची वंदना झाली, जेवणं झाली, आणि ऊन उतरल्यावर सगळ्या पांढऱ्या साड्यांसकट खाचरात उतरल्या. बाई सुट्टी असून शिट्टी घेऊन आल्या होत्या. कुणाची काकू, कुणाची सासू, सगळ्या ओचे खोचून उकिडव्या बसल्या. बांधावर पुरुष उभे होते; आधी थट्टा करत, मग आपापल्या बायकोच्या नावाने ओरडत. माझे वडीलही ओरडले. कुणी किती गडी बाद केले ते कुणालाच नीट कळलं नाही. अंधार पडेपर्यंत त्या खेळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मातीने तांबूस झालेल्या साड्यांचा ढीग पडला होता. बायका धोपटत होत्या आणि खरी बाद कोण झाली होती, यावर जोरजोरात भांडत होत्या.