आमचं पण भविष्य सांगा, सर

पुढचं सगळं शंभर टक्के खरं आहे. आईची शपथ. आई कणकवलीला असते आणि तिला विचारायला तुमच्यापैकी कोणी जाणार नाही, हे धरूनच शपथ घेतली आहे. म्हणजे अगदी सगळंच खरं नाही. थोडं मी रचलंय. कुठलं, ते शेवटी सांगतो. तोवर गुमान विश्वास ठेवा.

मी प्लंबर. बेसिनखालचा पाईप उघडून बघितलाय कधी? एक केस ओढायला जावं तर त्याला धरून दुसरा येतो, मग गुंताच बाहेर पडतो. आमच्या रात्रशाळेचे किस्से तसे साठलेत. मी नववीत शाळा सोडली होती. कोणी शिक्षण विचारलं की म्हणायचो, "दहावी चालू आहे." तीस वर्षं चालूच होती. शेवटी सांताक्रूझच्या रात्रशाळेत जाऊन खरोखर चालू केली.

*

पहिल्या बाकावर कांतामावशी आणि सपना. दोघी खारदांड्याच्या कोळणी, मावशी सासू, सपना सून. सकाळी मार्केटात एका पाटावर मासे विकायच्या, संध्याकाळी एका बाकावर धडे वाचायच्या. आमचा अख्खा वर्ग आंघोळ करून यायचा. तरी या दोघी आल्या की माशांच्या वासाने मागच्या बाकांना भूक लागायची.

भूगोलाच्या तासाला सरांनी ब्राझीलची राजधानी विचारली. सपनाने फाडकन सांगितली. मावशी वळून बघतच राहिल्या.

"घरी आमटीत मीठ टाकायचं ध्यानात राहत नाय. ब्राझील बरा ध्यानात राहतो गो तुझ्या?"

"घरी मला ब्राझील कोण विचारतं?"

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते, म्हणून आम्हाला कळलं.

*

पुढे परीक्षेचं वेळापत्रक आलं आणि त्या बाकावर भांडण पेटलं.

पेपर सकाळी अकराला. म्हणजे ऐन विक्रीची वेळ. मार्केटातली जागा एक दिवस रिकामी राहिली तरी गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. दोघींपैकी एकीला पाटावर बसायलाच हवं. म्हणजे परीक्षेला एकच.

मावशी म्हणाल्या, "मी म्हातारी. पुढच्या साली असेन, नसेन. तू तरुण आहेस, तू थांब."

सपना म्हणाली, "मी थांबले की घरात पाळणा हलवतील. मग मी बसणार कधी? तुझ्यासारखी, सून आल्यावर?"

दोघींचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. सरांनी तोडगा काढला, एकीने आत्ता बसावं, दुसरीने जुलैत. दोघींनी मिळून सरांकडे अशा नजरेने पाहिलं की सरांनी हजेरी पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

आणि घरातला पुरुष? मावशींचा मुलगा, सपनाचा नवरा, विलास. होडीवर जातो. खारदांड्यात पुरुषाने मासे आणायचे, बाईने विकायचे. पाटावर बसलेला बाप्या तिथे कोणी बघितलेला नाही. विलासला विचारलं तर म्हणाला, "मी मार्केटात? बंदरावर तोंड दाखवायची सोय राहील का माझी?"

*

सर सव्वीस-सत्तावीसचे. दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवायचे, तिथल्या निरोप समारंभाच्या गमती आम्हाला सांगायचे. तिथे दहावीच्या प्रत्येक मुलाचं भविष्य सांगतात. हा मंत्री होणार, ही चंद्रावर जाणार, हा तिथेही उशिरा पोचणार. आम्ही विचारलं, आमचं कधी?

सर अडखळले. "त्याचं काय आहे, ती मुलं लहान आहेत. 'मोठेपणी कोण होणार' यात त्यांच्या बाबतीत मजा असते. तुमचा आपण सत्कार करू. शाल, श्रीफळ."

मावशी उठल्या. "शाल म्हाताऱ्यांना घालतात. आणि नारळ देतात तो माणसाला हाकलताना. सर, आम्ही इथे मरायला आलो की शिकायला?"

"तसं नाही हो मावशी."

"मग आमचं पण भविष्य सांगा. आम्हाला काय पुढे दिवस नायत?"

सरांना जमेना. मग आमचं आम्हीच ठरवलं. प्रत्येकाने दुसऱ्याचं भविष्य सांगायचं. ज्याचं सांगितलं त्याने रागवायचं नाही, पण उत्तर द्यायचंच.

*

सुरुवात अंतोनकाकांपासून. अंधेरीच्या गावठाणातले ख्रिस्ती, लग्नात ट्रम्पेट वाजवतात आणि विमानतळावर सामान चढवतात. सगळं आयुष्य विमानाच्या पोटात काढलं, सीटवर कधी बसले नाहीत. 'मी केलेला प्रवास' या निबंधात त्यांनी एका बॅगेची कहाणी लिहिली होती. सरांनी शेरा मारला, विषय सोडून लिहिले आहे. काका म्हणाले, "विषयच मला सोडून गेला सर. प्रवास बॅगा करतात, मी बघतो."

त्यांचं भविष्य पूजाने सांगितलं. "अंतोनकाका विमानाने रोमला जातील. आणि त्यांचीच बॅग हरवेल."

काका उठले, शर्ट नीट केला. "हरवू दे. कोणी, कुठे आणि का फेकली असेल, ते मी रोममध्ये बसून सांगेन."

*

पूजा आमच्यात सगळ्यात लहान, वीस वर्षांची. स्कूटरवरून पार्सलं पोचवते. हेल्मेट घालूनच वर्गात शिरते, काढायचं लक्षातच राहत नाही. गोरेगावातल्या एका टॉवरमध्ये पाटी होती, डिलिव्हरीवाल्यांनी मालकांची लिफ्ट वापरू नये. ही बिनधास्त शिरली. आतल्या बाई म्हणाल्या, "पाटी वाचता येत नाही का?" पूजा म्हणाली, "दहावीला बसलेय. निकाल लागला की वाचते."

तिचं भविष्य मी सांगितलं. "पूजा दिंडोशीच्या कोर्टात जज होणार. आणि निकाल देण्याआधी आरोपीकडे ओटीपी मागणार."

"मागणारच," पूजा म्हणाली. "आणि आरोपी हजर नसला तर निकाल वॉचमनकडे ठेवून जाणार."

*

माझं भविष्य अंतोनकाकांनी सांगितलं. "याची एक थाप पाठ्यपुस्तकात धडा म्हणून लागेल. खाली प्रश्न असेल: पुढील विधान चूक की बरोबर ते सकारण लिहा. आणि महाराष्ट्रातली सगळी मुलं त्या प्रश्नात नापास होतील."

मी उत्तर दिलं, "चालेल. पण धड्यावर फोटो माझाच पाहिजे, केस असतानाचा."

*

उरल्या सासू-सून. एकीचं चांगलं सांगावं तर दुसरीला लागणार. तोवर परीक्षेला कोण बसणार ते ठरलंच नव्हतं.

सपना स्वतःच उठली. दारात विलास उभा होता, दोघींना न्यायला आलेला, हातात स्कूटरची चावी. तिने त्याच्याकडे बोट केलं.

"हा आपल्या वर्गात नाय. तरी याचं भविष्य मी सांगते. पेपरच्या दिवशी आई आणि मी, दोघी हॉलमध्ये. आणि मार्केटात आमच्या पाटावर हा. हातात कोयता, कमरेला पिशवी."

वर्ग असा हसला की वरच्या मजल्यावरची नववी खाली धावत आली. अंतोनकाकांचं रोम पटलं होतं, पूजाचं कोर्ट पटलं होतं. हे मात्र कोणालाच पटेना. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विलास, नियम आहे. उत्तर द्यायचं."

विलास चावी फिरवत राहिला. "मी खाली थांबतो," म्हणाला आणि गेला.

सर हळूच म्हणाले, "हे उत्तर धरायचं का?"

सपना म्हणाली, "अर्धे मार्क द्या."

*

पहिला पेपर मराठीचा. मी हॉलमध्ये शिरलो तर पुढे मावशी, दोन रांगा सोडून सपना. दोघीही. बोलायची सोय नव्हती. मावशींनी फक्त पदर खोचला.

तिकडे मार्केटात विलास बसला होता. शेजारची कोळीण म्हणाली, "विलास, आता साडी पण नेस की."

"नेसतो. तुझी देशील?"

गिऱ्हाईक थबकायचं. "बाई कुठे गेल्या?"

"पेपरला."

"कसला पेपर?"

"दहावीचा. दोघी बसल्यात. पापलेट घेणार का जाऊन हॉलमध्ये विचारणार?"

कापायला हात बसेना. सुरमईचे तुकडे एक जाड, एक पातळ. एक आजी म्हणाली, "अरे, हे काय कापलंस?" तर म्हणाला, "आजी, मी पण आजच परीक्षेला बसलोय."

पेपर सुटल्यावर आम्ही तिघं चालत मार्केटात पोचलो. पाटावर एक मासा नव्हता. विलासच्या बोटाला चिंधी बांधलेली, शर्टावर खवले. मावशी पाटाकडे बघत राहिल्या.

"सगळं गेलं?"

"गेलं."

"घासाघीस केली नाय कोणी?"

"दोघी पेपरला गेल्यात सांगितलं की गप घेतात."

मावशींनी कोयता उचलला, धार बघितली, त्याच्या हातात परत दिला.

"उद्या पण तूच बस."

"उद्या पेपर नाय आई."

"ठाऊक आहे."

*

आता कबुली. पेपर चालू असताना मी हॉलमध्ये होतो. म्हणजे मार्केटातली साडी, पापलेट, आजी, सगळं मी रचलेलं. आणि घासाघीस न करता मासे घेणारा माणूस या मुंबईत अजून जन्माला आलेला नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. पाटावर बरीचशी मांदेली उरली होती. ती आम्ही वाटून नेली.

पण विलास बसला होता. एवढी मोठी थाप मला सुचत नाही.