काकूची दोन नावं आणि एक खिडकी

पुण्याहून निघताना मी छाती फुगवून सांगितलं होतं, "आता सगळं मोबाईलवर झालंय. दोन दिवसांत काम उरकून येतो."

काम कन्हानच्या काकूचं होतं. काका गेले, मूलबाळ नाही. तिच्या विधवा पेन्शनचा अर्ज मी पुण्यात बसूनच भरला आणि तिने पाठवलेले कागद न वाचताच चढवले. मग निरोप आला, मूळ कागद घेऊन समक्ष या. पेन्शन सुरू झालं नाही, तर काकूला दुखरे गुडघे घेऊन पुन्हा लोकांकडे स्वयंपाकाला जावं लागणार होतं.

कन्हानहून आम्ही सकाळच्या बसने नागपूरला निघालो. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत काकूने पिशवीतले कागद तीनदा तपासले. शहरात उतरलो तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन अंगावर धावून येत होतं.

कार्यालयाच्या दारावर पाटी होती, 'एक खिडकी, सोपी सेवा'. आत खिडक्या पाच. पहिलीने तिसरीकडे पाठवलं, तिसरीने पुन्हा पहिलीकडे. मी शिपायाला विचारलं, "यातली एक खिडकी कोणती?"

"जिथं तुमचं काम होते ना भाऊ, तेच," तो म्हणाला. गंमत म्हणजे मला ते पटलंही.

शेवटी चौथीने कागद ठेवून घेतले. "नाव पुकारीन. बसा."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने पुकारा झाला, "यमुनाबाई!"

"आजीचं नाव," मी काकूला म्हणालो. ती पंख्याकडे पाहत होती. पुकारा आणखी दोनदा झाला. कोण ही बाई, नंबर घालवून बसलीय, असं मी मोठ्याने बोललोसुद्धा. मग जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद.

बाहेर टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी आमचं नाव अजून का पुकारलं नाही, हा डोक्यातला गुंता काही सुटला नाही.

सुट्टीनंतर मी खिडकीवर तक्रार केली. आतल्या मॅडम उलट माझ्यावरच वैतागल्या. "केव्हाची आवाज देऊन राहिली मी! यमुनाबाई ह्याच ना?"

मी "नाही" म्हणालो. त्याच क्षणी काकू "हो" म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "शाळेच्या दाखल्यावर तेच हाये, बाबू," ती खाली मान घालून म्हणाली. "माह्या सासूचं नाव बी यमुनाच. एका घरात दोन यमुना कशा चालतीन? लग्नात तुह्या काकानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुशीला लिवलं."

"मग मघाशी उठली का नाहीस?"

"मले वाटलं, सासूले बोलवून राहिले."

वयाचा पुरावा म्हणून तो दाखला मीच चढवला होता, आणि मूळ कागदांत तोच वर असल्याने पुकाराही त्याच नावाने झाला होता. आधारवर सुशीला, दाखल्यावर यमुना. मॅडम आता जरा नरमल्या. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा, दोन्ही नावांनी सही करा, म्हणाल्या.

आवारातल्या टंकलेखकाने कागद करून दिला. काकूने 'सुशीला' झटकन खरडलं. दुसऱ्या सहीपाशी पेन थबकलं. मग तिने एकेक अक्षर काढलं, गोल, टपोरं, वर सरळ रेघ. 'यमुना'.

"चौथीत माह्या अक्षराले बक्षीस भेटलं होतं गा," ती म्हणाली. जन्मापासून मी या बाईला ओळखत होतो, आणि मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली.

मॅडमनी कागद घेतला, शिक्का मारला. "झालं. पुढच्या महिन्यापासून चालू होते."

परतीच्या बसमध्ये काकूने विचारलं, "पैसे कोणाच्या नावानं येतीन?"

"आधारवरच्या. सुशीलाच्या."

"बरं झालं. यमुनेले तर तिचा बापच पोसे," म्हणून ती हसली. मला काही हसता आलं नाही.

पुण्याला पोचलो तेव्हा आई ओट्यापाशी शेंगा सोलत होती. काम झालं का, तिने विचारलं. मी झालं म्हणालो आणि तिच्यासमोर बसलो.

"आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"

तिचे हात थांबले.

"का रे?" ती म्हणाली. "कुठला फॉर्म भरायचाय?"